दॅन

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
चर्चमागच्या हॉलमध्ये,
जिथं रविवारी लहान मुलं कागदाची मेंढरं कापतात,
ब्रोना मॅकेल्हॅटन बाई आम्हांला टाळ्या वाजवायला लावतात.

एक टाळी, कोल्ड.
एक टाळी, लाँग.
एका टाळीत संपणाऱ्या शब्दाला शेपूट लावायचं :
कोल्डर, लाँगर.
आणि पुढं कुणीच उरलं नाही की कोल्डेस्ट.
थंडीचं आम्हांला शिकवावं लागत नाही.
डंगॅननच्या ज्या कारखान्यात आम्ही डुकरांच्या पाठी सोलतो
तिथं जूनमध्येही बोटं आपली वाटत नाहीत.

बिगला मात्र ग दोनदा लिहायचा.
बाई म्हणाल्या, शेवटचं अक्षर एकटं आहे ना,
त्याला सोबत द्या, नाहीतर तोल जाईल.
मागच्या बाकावर रिमविदास हसला.
त्याची बायको क्लायपेडात, तो इथं,
नऊ वर्षं झाली.

हेवीचा वाय मुकाट बाजूला सरकतो,
बसमध्ये सरकावं तसा, आयला जागा करून देतो.
टायर्डला शेपूट चालत नाही. मोर टायर्ड.
हे मला लगेच पटलं.
दहा तास उभं राहिल्यावर
शब्दसुद्धा अंगावर आणखी काही घेत नाही,
दुसऱ्या कुणीतरी पुढं होऊन उचलावं लागतं.

गुड, बेटर, बेस्ट. हे असं का, बाई?
रोजच्या उठबशीतले शब्द आहेत, त्या म्हणाल्या,
घरची माणसं कुठं नियम पाळतात?
आणि वी? मी विचारलं,
कारण या गावात सगळंच वी असतं,
वी चहा, वी मिनिट,
गेल्या वर्षी माझ्या पोटातून काढलेली गाठही डॉक्टरला वीच होती.
बाई बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या.
वीला काही लावू नका, म्हणाल्या. ते पुरेसं लहान आहे.

आमच्या तेतुममध्ये शब्दाला कुणी हात लावत नाही.
मालिरिन म्हणजे थंड. जास्त थंड म्हणायचं तर
त्याच्या मागं लिउ ठेवायचं.
लिउ म्हणजे ओलांडून जाणं.
थंडी थंडीला ओलांडून पुढं जाते,
जसा दोमिंगासचा भाऊ सुआईहून निघाला
आणि एकेक गाव ओलांडत गेला,
शेवटच्या गावाचं नाव आम्हांला कुणी सांगितलं नाही.

त्या गुरुवारचा धडा दॅनचा होता.
दॅन नसेल तर वाक्य लंगडं,
बाईंनी फळ्यावर दोनदा रेघ ओढली.
कुणापेक्षा, कशापेक्षा, ते सांगायलाच हवं.

दोमिंगासनं वही मिटली, पण ते डोक्यातून जाईना.
इंग्रजीतला पहिला शब्द आम्ही वर्गात शिकलोच नव्हतो.
फास्टर.
सुरी कशी धरायची त्याच्याही आधी
ग्लेननं तो आमच्या कानांत घातला होता,
आणि सहा वर्षांत एकदाही
त्याच्यामागं दॅन आलं नव्हतं.

सोमवारी पट्टा सुरू झाला. फास्टर, ग्लेन ओरडला.
दोमिंगासनं सुरी खाली ठेवली,
कानातला बोळा काढला
आणि शांतपणे, नीट उच्चार करत विचारलं :
दॅन हू?

पट्टा काही थांबला नाही.
तीन पाठी तिच्यासमोरून तशाच निघून गेल्या.
ग्लेनचं तोंड उघडं. तो वाईट माणूस नाही,
त्याच्या आईला आम्हीच तर कार्ड पाठवलं होतं.
त्यानं भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या बुटांकडे, आणि हळू म्हणाला,
दॅन यस्टरडे.

पुढच्या गुरुवारी दोमिंगासनं ते वाक्य फळ्यावर लिहिलं,
आधी फास्टर, मग दॅन, मग यस्टरडे,
शेवटी पूर्णविराम.
बाईंनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
बरोबर आहे, त्या म्हणाल्या.
यात काहीच चूक नाही.

कुणी टाळी वाजवली नाही.
रिमविदासनं उठून किटली लावली.